राजगडाच्या नकाशावर पायथन: पहिला टेक्स्ट गेम लिहिणाऱ्यांसाठी

प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्यांना मी पहिला प्रकल्प म्हणून केवळ मजकुरावर चालणारा खेळ सुचवतो, आणि त्याचा नकाशा आपण स्वतः हिंडलेल्या जागेचा असावा असा आग्रह धरतो. मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकताना राजगड निवडला. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या व मधोमध बालेकिल्ला ही रचना गड पाहिलेल्या माणसाच्या मनात पक्की असते, त्यामुळे काल्पनिक जग रचण्यात वेळ न जाता सारे लक्ष प्रोग्रॅमवर राहते. या खेळांचा आरंभही असाच झाला. अमेरिकेतील विल क्राउदर हे स्वतः गुहा धुंडाळणारे होते; केंटकीतील मॅमथ केव्ह या गुहासमूहाच्या स्वतः हिंडलेल्या भागावरून त्यांनी १९७५-७६ च्या सुमारास फोरट्रान भाषेत ‘कलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ लिहिला, आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी त्याचा विस्तार केला.

गडाचा खेळ लिहिण्याआधी एखादी संध्याकाळ १ ते १०० मधील आकडा ओळखण्याच्या खेळाला द्यावी. इनपुट (खेळाडूचे उत्तर घेणे), इफ (अट तपासणे) आणि व्हाइल (तीच कृती पुन्हा पुन्हा करणे) यांची ओळख त्यात होते, आणि खेळाडूने लिहिलेले ‘७’ हे पायथनला आधी अक्षर म्हणून मिळते, त्याचा अंक आपल्याला करून घ्यावा लागतो, हेही कळते.

गडाच्या खेळात खरा धडा मिळतो तो माहिती आणि सूचना वेगळ्या ठेवण्याचा. प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र इफ लिहीत गेले, तर तीन-चार जागांपर्यंत काम निभते. पण जागा वाढल्या की एक वाट बदलण्यासाठी सगळा प्रोग्रॅम चाळावा लागतो. त्याऐवजी जागांची एक डिक्शनरी, म्हणजे नावावरून माहिती शोधता येईल अशी यादी, करावी: जागेच्या नावापुढे तिचे वर्णन, तिथल्या वस्तू आणि कोणत्या दिशेला गेल्यास कुठे पोहोचतो याची नोंद. मग खेळ चालवणारा भाग अगदी लहान उरतो. तो सध्याच्या जागेचे वर्णन दाखवतो, आज्ञा वाचतो, दिशेची नोंद शोधतो आणि जागा बदलतो. राजगडाऐवजी तुमच्या गावाचा नकाशा भरला, तरी त्या भागातील एक ओळही बदलावी लागत नाही. क्राउदर यांच्या खेळातही वर्णने आणि वाटांचे तक्ते वेगळ्या फाइलमध्येच होते. नकाशात एकीकडे ‘सुवेळा माची’ आणि दुसरीकडे ‘सुवेळामाची’ असे लिहिले गेले, तर पायथन ‘की-एरर’, म्हणजे डिक्शनरीत ते नाव नसल्याची त्रुटी, दाखवतो. अशा वेळी त्रुटीच्या मजकुराची शेवटची ओळ आधी वाचावी, कारण न सापडलेले नाव तिथेच दिलेले असते.

आज्ञा मराठीत घ्याव्यात, असे मला मनापासून वाटते, कारण तिथे आयते उत्तर उपयोगी पडत नाही आणि स्वतः विचार करावा लागतो. इंग्रजी खेळांचे नमुने पहिला शब्द क्रियापद मानतात. आपण ‘मशाल घे’, ‘पूर्वेला जा’ असे म्हणतो, म्हणजे क्रियापद शेवटच्या शब्दात शोधायला हवे. ‘पूर्वेला’ आणि ‘पूर्वेकडे’ हे दोन्ही ‘पूर्व’ने सुरू होतात, म्हणून दिशांपुरती शब्दाची सुरुवात तपासली तरी चालते. वस्तूंचे तसे नाही. ‘दिव्याला’ हा शब्द ‘दिवा’ने सुरू होत नाही, तेव्हा अशा रूपांची छोटी डिक्शनरी वेगळी करावी लागते. शिवाय पायथन मात्रा आणि हलन्त स्वतंत्र मोजतो, त्यामुळे ‘किल्ला’ या शब्दाची लांबी सहा येते. मजकुराभोवती चौकट आखताना हे ध्यानात ठेवावे.

शेवटी खेळ जतन करण्याची सोय करावी. खेळाडू कुठे आहे आणि त्याच्याजवळ काय आहे, एवढे एका डिक्शनरीत असेल, तर ती जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपातील फाइलमध्ये लिहिणे दोन-तीन ओळींचे काम आहे. फाइल यूटीएफ-८ या देवनागरीही साठवणाऱ्या अक्षर-संकेतात उघडावी आणि इंग्रजीबाहेरची अक्षरे सांकेतिक रूपात लिहिणारा ‘एन्शुअर ॲस्की’ हा पर्याय बंद ठेवावा, म्हणजे फाइल उघडून पाहिल्यावर मराठी नावे वाचता येतात आणि चूक शोधणे सोपे जाते.