माशांविषयीची बातमी कशी तपासावी आणि चुकली असल्यास दुरुस्ती कशी मागावी

कृष्णेत मासे मेल्याची बातमी आली की सांगलीच्या मासळी बाजारातली गर्दी ओसरते आणि रत्नागिरीहून आंबा घाट चढून बर्फात आलेली सुरमई विनाकारण पडून राहते. म्हणून अशा बातमीत सर्वप्रथम मासा कोणता आणि कोणत्या पाण्यातला, हे शोधावे. नदीत मळीचे सांडपाणी मिसळले की पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरून मरतात. ते मासे खाऊ नयेत, हे बातमीने ठणकावून सांगितलेच पाहिजे. मात्र तिच्या शेजारी समुद्री मासळीच्या टोपल्यांचे छायाचित्र छापणे हा विक्रेत्या महिलांवर उघड अन्याय आहे.

बातमी फॉर्मेलिनची, म्हणजे फॉर्माल्डिहाइड या रसायनाच्या पाण्यातल्या द्रावणाची, असेल तर अधिक बारकाईने वाचावे. मासे टिकवण्यासाठी फॉर्मेलिन वापरायला परवानगी नाही. परंतु बोंबलासारख्या काही समुद्री माशांत, ते मेल्यानंतर, त्यांच्या शरीरातल्याच एका घटकाचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होते. त्यामुळे ते नुसते ‘आढळले’ म्हणजे कोणी मिसळलेच, असे ठरत नाही. तपासणी बाजारात कागदी पट्टीने केली की प्रयोगशाळेत, नमुने किती आणि कोणत्या माशांचे होते, प्रमाण किती निघाले, यांपैकी काहीच दिलेले नसेल तर बातमी अपुरी समजावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अन्न विश्लेषकाच्या (प्रयोगशाळेत नमुना तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या) अहवालाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते, म्हणजे पहिला अहवाल हा अखेरचा शब्द नसतो. याच कायद्यात ‘असुरक्षित’ आणि ‘कमी दर्जाचे’ अन्न या निराळ्या गोष्टी आहेत. दोन्हींना सरसकट ‘विषारी’ म्हणणारा मथळा मला अक्षम्य वाटतो. विक्रेत्यांची बाजू विचारली आहे का, हेही पाहावे.

चूक आढळल्यास आधी संपादकांना लेखी कळवावे. पत्रात तारीख, पान, चुकीचे वाक्य जसेच्या तसे आणि योग्य माहिती पुराव्यासह द्यावी. राग व्यक्त करण्यात जागा घालवू नये. दाद मिळाली नाही, तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया या वृत्तपत्रांवरील तक्रारी ऐकणाऱ्या परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक किंवा साप्ताहिकाबाबत ती बातमी छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि सोबत कात्रण व संपादकांशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत जोडावी लागते. वृत्तवाहिन्या या परिषदेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याबाबत आधी थेट वाहिनीकडेच लेखी तक्रार नोंदवावी.