संत्र्याचा रस बाटलीत तपकिरी पडू नये म्हणून

नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत तपकिरी पडतो, वास उतरतो, तो मुख्यतः आत राहिलेल्या हवेमुळे. मिक्सर नकोच: पाती हवा घुसळतात, बिया फुटून रस कडू होतो. हाताने पिळा, गाळा, स्टीलच्या पातेल्यात ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. विरघळलेली हवाही बरीच निघून जाते. वरचा फेस काढाच, तो बाटलीच्या गळ्याशी हवा धरून बसतो. उकळत्या पाण्यातून काढलेल्या गरम काचेच्या बाटलीत लगेच भरा, वर जेमतेम १ सेंटीमीटर जागा सोडा. धातूचं झाकण घट्ट लावून ३ मिनिटं आडवी ठेवा. थंड झाल्यावर झाकण मधोमध किंचित आत दबलेलं दिसायला हवं. फुगलं तर रस फेका. साधी प्लास्टिकची बाटली गरम रसाने आक्रसते, शिवाय तिच्यातून ऑक्सिजन झिरपतो. बाटल्या फ्रिजमध्येच ठेवा.