अ‍ॅक्सेसमध्ये २५५ च्या वर कॉलम झाले तर काय करायचं

सर्व्हेचा डेटा सांभाळणाऱ्यांना 'टू मेनी फील्ड्स डिफाइन्ड' हा एरर कधी ना कधी येतोच. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या एका टेबलात २५५ च फील्ड (म्हणजे कॉलम) बसतात, आणि कुठल्याही सेटिंगने ती मर्यादा वाढत नाही. एक्सेलमध्ये १६,३८४ कॉलम चालतात म्हणून शीट आडवी वाढत जाते आणि इंपोर्टला गाडी अडते.

आधी बघा, कॉलम खरंच तेवढे आहेत का, कारण अ‍ॅक्सेस डिलीट केलेली फील्डही मोजतं, आणि एखाद्या फील्डचा टाइप बदलला तरी आतल्या आत नवीन फील्ड धरतं, त्यामुळे दीड-दोनशे कॉलमवालं टेबलही अडू शकतं. फाइलची कॉपी काढून ठेवा, डेटाबेस टूल्समधून कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवा, मोजणी ताळ्यावर येते.

खरंच जास्त असतील तर बरेचजण तीच प्रायमरी की (प्रत्येक ओळ ओळखणारा कॉलम) ठेवून टेबलाचे दोन तुकडे करतात. तात्पुरतं ठीक आहे, पण क्वेरीलाही (टेबलातून हवा तो डेटा काढायची मागणी) २५५ चीच मर्यादा आहे, दोन्ही जोडून सगळं एकत्र बघायला गेलात की परत तिथेच अडकाल. त्यापेक्षा कॉलमच्या ओळी करा, मी तर म्हणेन कॉलम शंभरच असले तरी कराच.

समजा शीटमध्ये प्रत्येक माणसाचा क्रमांक, गाव आणि पुढे प्र१ ते प्र३०० आहेत. क्रमांक आणि गाव वेगळ्या टेबलात टाका. मग मूळ शीटवर एक्सेलच्या डेटा टॅबमधून फ्रॉम टेबल/रेंज घ्या, पॉवर क्वेरी (एक्सेलमधलं डेटाची मांडणी बदलायचं साधन) उघडेल, तिथे गाव काढून टाका, क्रमांकाच्या कॉलमवर राइट क्लिक करून 'अनपिव्हट अदर कॉलम्स' करा. आता एकेक ओळ अशी दिसेल: १७, प्र४२, विहीर, म्हणजे १७ क्रमांकाच्या माणसाचं प्र४२ ला उत्तर 'विहीर'. रिकामे सेल यात गळतात, म्हणजे 'उत्तर दिलं नाही' हे मोजायचं असेल तर आधीच तिथे काहीतरी कोड भरा, हे विसरू नका!

क्लोज अँड लोड करून ती शीट अ‍ॅक्सेसमध्ये घ्या. ४००० माणसं गुणिले ३०० प्रश्न म्हणजे १२ लाख ओळी होतात आणि एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ च मावतात, तेव्हा एवढा डेटा असेल तर दोन भागात करा. क्रमांक आणि प्रश्न मिळून युनिक इंडेक्स (तीच जोडी दोनदा येऊ न देणारी अट) लावा म्हणजे तेच उत्तर दोनदा घुसणार नाही. उत्तराचा कॉलम टेक्स्ट ठेवा, सरासरी काढताना टेक्स्टचा आकडा करणारं व्हॅल (Val) फंक्शन वापरा.

आडवा तक्ता लागलाच तर क्रॉसटॅब क्वेरी (ओळींचे परत कॉलम करणारी) करा, पण लागतील तेवढेच प्रश्न फिल्टर करून, कारण तिलाही २५५ च्या पुढे जाता येत नाही.