तालुक्याच्या गावात फौजदारी वकील करायचा तर काय काय बघायचं

पोलीस केस झाली की तासाभरात घरात दहा माणसं जमतात आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक वकील असतो. कुणाचा साडू वकील, कुणी पतपेढीच्या वसुलीचा वकील सुचवतं, आणि एक जण हमखास म्हणतो की अमका वकील पीआय साहेबांच्या रोजच्या बसण्याउठण्यातला आहे, त्यालाच धरा, संध्याकाळपर्यंत पोरगं घरी येईल. माझं सगळं म्हणणं या शेवटच्या सल्ल्याच्या विरोधात आहे. ज्याची प्रॅक्टिस त्या पोलीस ठाण्याच्या मर्जीवर चालते तो उद्या जज साहेबांसमोर उभा राहून "माझ्या पक्षकाराला लॉकअपमध्ये मारलंय, मेडिकलला पाठवा" असं कसं म्हणेल? म्हणणारच नाही, आणि तुम्हालाही समजावेल की जाऊ द्या, उगाच वाढवू नका.

आता छोट्या गावातली एक अडचण मान्य करायला पाहिजे. तालुका कोर्टात बहुतेक वकील सगळंच करतात, वारसदाखला, वाटप, बांधाची भांडणं, चेक बाउन्स, मोटार अपघात आणि मधूनच एखादी ३२४ ची केस (आता ती कलमं बदललीत पण लोक अजून जुनेच नंबर बोलतात). त्यात वाईट काही नाही, पण जमिनीच्या दाव्यात २० वर्ष मुरलेला माणूस खुनाच्या केसमध्ये डॉक्टरची उलटतपासणी चांगली घेईलच असं नाही. सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) नंबरात वर्ष असतं, त्यावरून वकिली किती वर्षांची ते कळतं. फौजदारीचा अनुभव किती ते नाही कळत.

ते बघायचं कसं तर ई-कोर्ट्सची सरकारी वेबसाइट किंवा ॲप उघडा, तिथं जिल्हा आणि कोर्ट निवडून वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात, फुकट. त्याच्या किती फौजदारी केसेस आहेत, जामीन अर्ज किती लावले, त्यात ऑर्डर काय झाल्या, नुसत्या तारखा पडतायत की साक्षीपुरावे होतायत हे अर्ध्या तासात कळतं. स्पेलिंगचा गोंधळ असतो त्यामुळे नाव दोनतीन प्रकारे टाकून बघा. गूगलवर 'बेस्ट क्रिमिनल लॉयर' शोधू नका, वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमात बंदी आहे, त्यामुळे वर दिसणाऱ्या नावाला काही अर्थ नसतो.

दुसरं म्हणजे एक सकाळ कोर्टात जाऊन बसा. कोर्ट उघडं असतं, अपवादाच्या केसेस सोडल्या तर कुणीही मागच्या बाकावर बसू शकतं. हा वकील स्वतः क्रॉस (उलटतपासणी) घेतो का ज्युनिअरला तारीख मागायला पाठवतो, जजने प्रश्न विचारला की कागदात पान लगेच सापडतं का, सरकारी वकिलाशी बोलताना ताठ असतो का हांजी हांजी, सगळं दिसतं. बाहेर आलात की टायपिंगवाला, स्टॅम्पवाला यांना विचारा, त्यांच्याइतकं कोर्टातलं कुणाला माहीत नसतं. आणि एखाद्या दुसऱ्या वकिलाला सरळ विचारा की साहेब, तुमच्या सख्ख्या भावावर केस झाली तर तुम्ही कुणाकडे जाल? या प्रश्नाला लोक बरेचदा खरं उत्तर देतात.

पण अटकच झाली असेल तर एवढी चैन नसते, तेव्हा आधी हे करा. अटक किती वाजता, कुठून, कोणी केली हे कागदावर लिहून ठेवा कारण २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचं बंधन तिथून मोजलं जातं (प्रवासाचा वेळ सोडून). एफआयआरची कॉपी महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवर बघा, २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर अपलोड करावे लागतात. अटकेची कारणं लेखी मिळाली का ते विचारा, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलंय आणि आरोपीला समजेल त्या भाषेत ती द्यायला सांगितलंय. चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क बीएनएसएसच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३८ मध्ये आहे, पूर्ण वेळ शेजारी बसता येत नाही पण भेटता येतं. हा आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क मुळात घटनेच्या कलम २२ मधला, बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये मसुद्यात १५अ म्हणून मांडला होता. ठाणे अंमलदार "आता नाही भेटता येणार" म्हणाला तर तुमचा वकील हे शांतपणे सांगू शकतो का, की तोही तुमच्यासोबत बाहेरच्या बाकावर बसून राहतो, इथंच पहिली परीक्षा होते बघा.

पहिल्या भेटीत वकिलाने कलमं, एफआयआर, अटकेची वेळ हे विचारलं पाहिजे. काहीच न बघता "सोडवतो, टेन्शन घेऊ नका" म्हणाला तर चहा पिऊन उठा. तुम्हीही दोन प्रश्न विचारा. एक, हा गुन्हा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा असेल तर बीएनएसएसच्या ३५(३) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहायची नोटीस न देता अटक का केली? (जुनी ४१अ ची नोटीस, २०१४ चा अर्नेश कुमार निकाल यावरच आहे.) दोन, पीसीआर (पोलीस कोठडी) किती मिळू शकतो? १ जुलै २०२४ पासून हा नवा कायदा आलाय, त्यात पोलीस कोठडी एकूण १५ दिवसच पण ती सलगच असली पाहिजे असं नाही, गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या तुकड्यात मागता येते. म्हणजे एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला म्हणून पोलीस परत ताबा मागणार नाहीत असं गृहीत धरता येत नाही. ज्याला हे ठाऊक नाही त्याने नवीन पुस्तक उघडलेलं नाही. तसंच ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो पण अर्ज चार्जशीट येण्याआधी पडला पाहिजे, त्यामुळे चांगला वकील ती तारीख पहिल्याच दिवशी डायरीत गोल करून ठेवतो.

नातीगोती नीट तपासा, गाव छोटं आहे. समोरच्या फिर्यादीचा कारखान्याचा दावा हाच वकील चालवतोय का, ज्या पुढाऱ्याच्या माणसांशी भांडण झालं त्याच पुढाऱ्याच्या पक्षाचा हा तालुकाध्यक्ष आहे का? लाजू नका, तोंडावर विचारा. सरळ माणूस स्वतःच सांगेल की भाऊ, मी नको, तुम्ही जिल्ह्याला जा.

कधी कधी उलटं होतं, केस एवढी गाजते की बार असोसिएशन ठराव करते, आमच्यातला कुणीही या आरोपीचं वकीलपत्र घेणार नाही. लोक घाबरतात. असे ठराव सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात बेकायदा ठरवलेत. तरी गावातला वकील दबावाने उभा राहणार नसेल तर भांडत बसू नका, शेजारच्या तालुक्यातला किंवा जिल्ह्याचा आणा.

गावचा का जिल्ह्याचा, हा प्रश्न तसाही येतोच. अटकपूर्व जामीन तालुक्याच्या जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात होतच नाही, तो सेशन्सला (सत्र न्यायालयात) किंवा हायकोर्टात, त्यामुळे त्यासाठी सेशन्समध्ये रोज उभा राहणारा माणूस पाहिजे. मला स्वतःला जोडी पटते, म्हणजे वकीलपत्रावर गावातला एक, जो रोजच्या तारखा बघेल आणि पंच कोण, साक्षीदार कुठल्या वस्तीवरचे हे ज्याला माहीत आहे, आणि जामिनाला किंवा महत्त्वाच्या क्रॉसला जिल्ह्याचा सिनियर. दोघांचं आपसात पटतं का ते मात्र आधी बघा, नाहीतर दोघं एकमेकांवर ढकलतात आणि तारीख वाया जाते. हायकोर्टाचं काम निघालं तर आपला जिल्हा कुठल्या खंडपीठात येतो ते पक्कं करा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, मुंबईची वारी वाचली.

आता ज्याच्याबद्दल गावात कुणी नीट बोलत नाही ते, म्हणजे पोलिसांनीच अन्याय केला असेल तेव्हाचा वकील. आंदोलनात उचललं, चॅप्टर केस (शांतता राखण्याचा बाँड लिहून घेणारी प्रतिबंधक कारवाई) केली, तडीपारीची नोटीस आली, लॉकअपमध्ये मारलं. जामिनाचा चांगला वकील इथं कमी पडू शकतो कारण इथं कागद वेगवेगळ्या दारांत टाकावे लागतात आणि मुदती असतात. चॅप्टर तहसीलदारासमोर चालते, तिथं नुसता बाँड लिहून देऊन मोकळं व्हा असा सल्ला सर्रास मिळतो, पण तेच चॅप्टर पुढं तडीपारीच्या प्रस्तावात मोजलं जातं, म्हणून म्हणणं लेखी द्या असं सांगणारा वकील पाहिजे. तडीपारीच्या आदेशावर अपिलाला ३० दिवस आहेत. मारहाण झाली असेल तर पहिल्याच रिमांडला मॅजिस्ट्रेटसमोर तोंडी सांगायचं, जखमा दाखवायच्या, मेडिकल मागायचं आणि लगेच पोलीस ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायचा अर्ज द्यायचा. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि फुटेज कमीत कमी एक वर्ष ठेवायला सांगितलंय, पण मागितलंच नाही तर नंतर "कॅमेरा बंद होता" हे ठरलेलं उत्तर. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत. ॲट्रॉसिटीच्या केसमध्ये तुम्ही पीडित असाल तर आरोपीच्या जामिनाच्या वेळी तुमचं म्हणणं ऐकून घ्यायचा हक्क ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम १५अ देतं, सरकारी वकील आहेत म्हणून घरी बसू नका. अशी कामं केलेला वकील गावात नसेल तर तुमच्या भागातल्या कामगार संघटनेला, आदिवासी किंवा दलित कार्यकर्त्यांना विचारा, त्यांच्या पोरांसाठी रात्री दोन वाजता ठाण्यात कोण गेलं होतं ते त्यांना पाठ असतं.

पैशाचं स्पष्ट बोला. जामीन, चार्जशीटनंतरचं काम, साक्षीपुरावे, युक्तिवाद, असं टप्प्याने ठरवा आणि शक्यतो यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. सुटला तर इतके, नाही सुटला तर इतके, अशी निकालावरची फी बार कौन्सिलच्या नियमात चालत नाही. आणि "वर द्यायला" म्हणून वेगळी कॅश मागणारा असेल तर तिथंच थांबा, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही आरोपी होतो, एका केसच्या दोन होतील. कुणी मागणी केलीच तर एसीबीचा (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा) नंबर १०६४.

पैसेच नसतील तर फुकट वकील मिळतो, आणि तो फुकट म्हणजे टाकाऊ हा समज सोडा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला समिती, आणि आता लोक अभिरक्षक कार्यालय आहे जिथले वकील फक्त आरोपींच्याच केसेस पूर्ण वेळ चालवतात. कोठडीत असलेला माणूस, महिला, अनुसूचित जाती जमाती यांना उत्पन्नाची अट नाही, इतरांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००.

वकील ठरला की त्याला सगळं खरं सांगा, भांडणात पहिला दगड आपल्या पोराने मारला असेल तर तेसुद्धा. तुमच्यातलं बोलणं गुप्त ठेवायचं कायदेशीर बंधन त्याच्यावर आहे. तुमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र कुणावरच नाही, तेव्हा तिथं एफआयआरवर चर्चा बंद. कोऱ्या कागदावर सही नाही, वकीलपत्राचा फोटो काढून ठेवा, सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवरचा केसचा स्वतंत्र नंबर) घ्या म्हणजे पुढची तारीख मोबाईलवर स्वतःच बघता येते. जामीनदाराचा सातबारा, आधार, ऐपतीचा दाखला आधीच तयार ठेवा, ऑर्डर शुक्रवारी संध्याकाळी होते आणि जामीनदाराचा कागद नाही म्हणून पोरगं सोमवारपर्यंत आत राहतं.

वकील बदलायचा झाला तर तो तुमचा हक्क आहे. जुन्याकडून एनओसी मागा, देत नसेल तर नवा वकील कोर्टाला अर्ज करून परवानगी घेतो. फी बाकी आहे म्हणून केसचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय, फीसाठी त्याने वेगळा दावा लावावा. तरीही फाइल देत नसेल तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण त्याला वेळ लागतो, म्हणून तोपर्यंत नव्या वकिलाला कोर्टातून नकला काढायला सांगा आणि पुढची तारीख चुकवू नका.