नेपाळला सेवेसाठी निघण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या तरुण संघाची दुसरी तुकडी गोरखा जिल्ह्यातल्या त्याच ख्रिस्ती मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे, निघते आहे. पहिल्या आठ जणांत मी होते, म्हणून पाळकसाहेबांनी तयारीचं लिहून द्यायला मला सांगितलं. सगळ्यांना सलाम. हे सावकाश वाचा आणि घरच्यांनाही वाचायला द्या.

आधी कागदपत्रं. नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे आधार कार्ड खिशात टाकलं की झालं असं वाटतं. विमानप्रवासाला ते चालत नाही. पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र लागतं आणि तेही मूळ, झेरॉक्स नव्हे. आपण रेल्वेने गोरखपूर आणि पुढे बसने सीमेवरचं सुनौली असं जाणार, हे खरं. पण घरी काही झालं आणि एखाद्याला काठमांडूहून तातडीने परतावं लागलं, तर त्या वेळी कागदासाठी अडायला नको. पैसे शंभराच्या नोटांत घ्या. आपल्या शंभराचे तिथे एकशे साठ होतात, हा दर ठरलेला आहे. हद्द ओलांडली की घड्याळ १५ मिनिटं पुढे करा, नाहीतर सीमेपलीकडच्या भैरहवा गावाहून सुटणारी बस चुकते. औषधांबद्दल डॉक्टरांना विचाराच. धनुर्वाताचं इंजेक्शन, ओआरएस आणि घाटात उलटी होणाऱ्यांसाठी गोळ्या एवढं तरी हवंच. नारायणगढ ते मुग्लिन हा रस्ता नदीच्या कडेने सारखा वळत जातो.

आता जे नीट समजून घ्यायला हवं ते. नेपाळमध्ये कोणाचंही धर्मांतर करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. २०१५ च्या संविधानात तशी मनाई आहे आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर पाठवतात. आपण भारतीय असलो तरी तिथे परदेशीच. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खूप अस्वस्थ झाले, कारण सुवार्ता सांगायची नाही तर जायचं कशाला, असं मनात आलं. मग आपल्या पाळकसाहेबांनी समजावलं, की आपण पंधरा दिवसांनी घरी येतो, तिथल्या पाळकांना मात्र त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांबरोबर राहायचं आहे. आपल्या एका उत्साही शब्दाची किंमत त्यांना मोजावी लागेल. तेव्हा बॅगेत पत्रकं नकोत. गावाचं नाव घालून मोबाइलवर रील टाकू नका. त्या मंडळीने बोलावलं आहे, त्यांनी सांगितलेलं काम करायचं. कोणी आपणहून विचारलं, तर आधी तिथल्या पाळकांकडे बघा.

आणि कृपा करून जुने कपडे घेऊन जाऊ नका. मागच्या वेळी आपल्या मंडळीने फार प्रेमाने सहा गठ्ठे जमवले होते. सीमेवर ते डोक्यावर घेतले, बसच्या टपावर चढवले आणि शेवटची अडीच तासांची चढण त्यांच्यासकट चढलो. पाळकांच्या पत्नीने हसून स्वागत केलं आणि गठ्ठे ठेवायला कोठीचं दार उघडलं. आत भिंतीला लागून २०१५ च्या भूकंपाच्या वर्षी आलेले गठ्ठे होते, अजून सुतळीही न सुटलेले. आमचे त्यांनी त्यावरच रचले. फोनवर त्यांनी आमच्याकडे मागितलं होतं ते वेगळंच. मंडळीच्या मागे दगडी आधारभिंत बांधायची होती, त्यासाठी जाड हातमोजे आणि एक चांगला ओळंबा. आम्ही दोन्ही विसरलो. या वेळी हातमोजे प्रत्येकी दोन जोड, आणि ओळंबा कोणाच्या बॅगेत जाणार ते आजच ठरवा.

शरीराची तयारी आत्तापासून करा. दगड-वाळू डोकोतून वाहतात. डोको म्हणजे बांबूची पाठीवरची करंडी आणि नाम्लो म्हणजे तिचा डोक्यावर घ्यायचा पट्टा. पहिल्या दिवशी मी पट्टा थेट कपाळावर घेतला आणि दहा पावलांत मान आखडली. वाटेवर बसलेल्या एका आजींनी मला थांबवलं. पट्टा दोन बोटं वर, टाळूकडे सरकवला, हनुवटीला हात लावून मान किंचित खाली केली, म्हणाल्या, "बिस्तारै." म्हणजे हळूहळू. मग त्यांनी स्वतःचा डोको उचलला, माझ्यापेक्षा दुप्पट भरलेला, आणि पुढे निघाल्या. रोज संध्याकाळी पाठीवर दहा किलो घेऊन आपल्या नगरजवळचा चांदबिबी महालाचा डोंगर चढा. निदान पाय तरी तयार होतील.

भाषेची भीती बाळगू नका, पण आळसही नको. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे नेपाळी पवित्र शास्त्र आपल्याला पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचता येतं, अर्थ कळला नाही तरी. मी योहानाचा तिसरा अध्याय रोज वाचत होते. दुसऱ्या शनिवारी शास्त्रपाठ मलाच वाचायला दिला, आणि मी अडखळले तिथे मागच्या बाया पुढचा शब्द हळूच सांगत होत्या. दोन शब्द पाठच करा. "मिठो" म्हणजे चवदार, त्याचा मिठाशी संबंध नाही. जेवताना "पुग्यो" म्हणजे पुरे, नाहीतर ताटात भात पडतच राहतो. भेटल्यावर हात जोडून "जयमसीह". आपल्या नगरला १८३१ साली मिशनचं काम सुरू झालं तेव्हा आलेल्या परक्या माणसांना आधी मराठी शिकावी लागली होती. आपल्याला एवढं तर जमेल.

उपासना शनिवारी असते, कारण तिथे सुट्टीचा वार तोच. चपला बाहेर, बसायचं जमिनीवर, बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. २५ एप्रिल २०१५ चा भूकंपही शनिवारीच झाला, ११ वाजून ५६ मिनिटांनी, ऐन उपासनेच्या वेळेत, आणि त्याचं केंद्र याच जिल्ह्यात बारपाकजवळ होतं. त्याबद्दल तुम्ही होऊन विचारू नका. प्रार्थना चालू असताना पत्र्यावर माकडाने उडी मारली, तेव्हा माझ्या पुढच्या तीन बायांनी एकदम दाराकडे पाहिलं आणि एकीने शेजारच्या मुलीचा दंड धरला. प्रार्थना थांबली नाही. ज्यांना बोलायचं असतं ते चुलीपाशी, रात्री, आपणहून बोलतात. तेव्हा फक्त ऐका.

साक्ष द्यायला सांगतील, ती घरूनच लिहून न्या. तीन मिनिटांची, लहान वाक्यांत, हिंदीत. प्रत्येक वाक्याचं भाषांतर होतं, म्हणून लांबण लावू नका. आपण काय सोडून, किती त्रास काढून आलो हे त्यात नको. प्रभूने तुमच्या घरात काय केलं तेवढं सांगा, त्याचा अर्थ त्यांना लगेच पोहोचतो.

शेवटचं, टाळ न्या. त्यांच्याकडे मादल, म्हणजे नेपाळी ढोलकी, आहे आणि वाजवणारा मुलगा तयारीचा आहे. आपलं भजन सुरू केलं तर दुसऱ्या कडव्याला त्याने ठेका धरला होता. मागची जोडी आम्ही तिथेच ठेवून आलो, पण तिची दोरी तेव्हाच विरली होती. नवी दोरी न्या, सुती आणि जाड.