थेंब पसरला म्हणून जोड टिकेल असं नाही: कार्बन फायबरवर प्लाझ्मा मारताना या चुका टाळा

कार्बन-इपॉक्सीच्या (इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेल्या कार्बन तंतूंच्या) पॅनेलवर प्लाझ्मा, म्हणजे नोझलमधून येणारा विद्युतभारित वायूचा झोत, मारायचा, वर पाण्याचा थेंब टाकायचा, तो पसरला की खुशाल चिकटवायला घ्यायचं. नवी मुलं सर्रास असं करतात आणि त्यांचे जोड सुटतात.

प्लाझ्माने पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात, पृष्ठऊर्जा वाढते आणि चिकटद्रव्य नीट पसरतं, हे खरंच आहे. पण थेंबाला फक्त सगळ्यात वरचा थर कळतो. त्याच्याखाली काय दडलंय ते तो सांगत नाही.

एका कारखान्यात पॅनेलला चिकटवलेले ब्रॅकेट हाताने निघत होते. थेंब तर आरशासारखा पसरत होता. चिकटद्रव्याची बॅच बदलून झाली, ओव्हनचं तापमान तपासून झालं. सुटलेला जोड मी भिंगाखाली धरला. चिकटद्रव्य सगळंच्या सगळं ब्रॅकेटवर, आणि पॅनेल जसंच्या तसं चकचकीत. एक तंतूही उपटलेला नाही. मग साच्याकडे गेलो, तर तिथे सिलिकॉनच्या रिलीज स्प्रेचा (पॅनेल साच्याला चिकटू नये म्हणून मारतात तो) डबा! पॅनेल साच्यातून निघालं की न पुसता थेट प्लाझ्माखाली जात होतं. असा प्लाझ्मा सिलिकॉन काढत नाही. वरचे सेंद्रिय गट तेवढे जातात आणि सिलिकासारखी पातळ साय उरते. ती पाण्याने मस्त भिजते, पण खाली सिलिकॉन तसंच असतं आणि जोड तिथूनच सुटतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी सॉल्व्हंटने पुसायचं, मग घासायचं, पुन्हा पुसायचं आणि शेवटी प्लाझ्मा. न पुसता घासलंत तर घाण चरांमध्ये भरता. ओल्या कापडामागून लगेच कोरडं कापड फिरवा, नाहीतर सॉल्व्हंट उडून जातो आणि मळ जागेवरच राहतो. सिलिकॉनचा स्प्रे तर मी चिकटवायच्या खोलीच्या आसपासही येऊ देत नाही.

दुसरी खोड म्हणजे ‘अजून दोन पास मारू, पक्कं होईल’. होत नाही. जास्त माऱ्याने रेझिनच्या साखळ्या तुटतात आणि त्यांचे सुटे तुकडे पृष्ठभागावर एक कमकुवत थर करतात. आणखी मारलंत तर रेझिन झिजून तंतू उघडे पडतात. नोझलचं अंतर आणि वेग बदलत कूपन, म्हणजे चाचणीपुरते छोटे जोड, करा, ते तोडा आणि तुटलेली बाजू बघा. लॅप शिअरचा (एकावर एक चिकटवलेल्या पट्ट्या ओढून मोजलेल्या ताकदीचा) आकडा वहीत लिहून कूपन कचऱ्यात टाकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. जोड चिकटद्रव्यातून फाटला, तंतू उपटून आले की पृष्ठभागावरून सोलला, हे आकड्यातून कळत नाही. एएसटीएम डी5573 या मानकात याच प्रकारांचं वर्गीकरण आहे; ते भिंतीवर लावून ठेवा.

बाकीचं थोडक्यात. प्लाझ्माचा परिणाम दिवसागणिक उतरतो, तेव्हा त्याच पाळीत चिकटवा. मारलेल्या जागेला बोट लावू नका. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल येतंय का ते बघा. वक्र भागावर नोझलचं अंतर बदलतं, तिथे हाताने अंदाजे फिरवू नका. पील प्लाय (पॅनेलवर बसवून चिकटवण्याआधी सोलून काढायचं कापड) वापरत असाल तर सिलिकॉनचा लेप नसलेलाच घ्या. आणि पावसाळ्यात पॅनेल आधी ओव्हनमध्ये वाळवा: आत मुरलेलं पाणी प्लाझ्माने निघत नाही, गरम क्युअरमध्ये (चिकटद्रव्य तापवून घट्ट करताना) मात्र त्याचे बुडबुडे जोडात होतात.