चुनखडी ओळखताना आधी कण मोजू नका

गोव्यात पायाखाली जांभा. चिऱ्याच्या भिंतीवर सौम्य आम्ल टाकलं तरी चुनखडीसारखा फेस येत नाही. म्हणून चुनखडीचा सराव करायचा तर जुन्या घरातली शहाबादी फरशी बघा. तुटका तुकडाच घ्या. आम्लाने पॉलिश जातं आणि घरच्यांची बोलणी खावी लागतात.

ताजी फुटलेली बाजू ओली करून दहापट भिंगाखाली धरा. भूशास्त्रज्ञ डनहॅमच्या चुनखडीच्या 1962च्या वर्गीकरणात कळीचा प्रश्न असतो: कणांमध्ये (म्हणजे शिंपल्यांचे तुकडे वगैरे) चुन्याचा चिखल, म्हणजे अगदी बारीक गाळ, आहे का? चिखल असेल आणि कण 10 टक्क्यांहून कमी, तर मडस्टोन. बहुतेक शहाबादी इथेच बसते. कण त्याहून जास्त, पण चिखलात तरंगणारे, तर वॅकस्टोन. कण एकमेकांवर टेकलेले आणि मधे चिखल, तर पॅकस्टोन. चिखलच नाही, तर ग्रेनस्टोन. प्रवाळांसारख्या जिवांनी जागच्या जागी बांधलेला खडक बाउंडस्टोन.

खरी फसगत वॅकस्टोन आणि पॅकस्टोनमध्ये होते. कापलेल्या एकाच पृष्ठावर कण सुटे दिसतात, पण त्या पातळीच्या वर-खाली ते टेकलेले असू शकतात. वेड्यावाकड्या शिंपल्यांच्या तुकड्यांत तर हमखास. दोन-तीन दिशांनी फोडून पाहिल्याशिवाय नाव देऊ नका. कणांमधला भाग चकाकला तर तो बहुधा स्फटिकी सिमेंट, म्हणजे कण जोडणारं नैसर्गिक कॅल्साइट. चिखल मंद, निस्तेज दिसतो.

फेस अगदीच मंद आला तर चाकूने खरवडून भुकटीवर थेंब टाका. तेव्हा उसळला, तर बहुधा डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा खडक.